एसी फक्त माझं ऐकतो!

आमच्या घरातला एसी फक्त माझं ऐकत असे. (घरात माझं ऐकणारं तेवढं एकच होतं.)

त्याचं असं झालं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते कोंढ्याहून पवनीला, आमच्याकडे आरामाला आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळ्यात घाम जाऊ देऊ नका, आणि शिंक तर अजिबात नको!" त्यात मे महिना! मी एसी घेतला आणि तो सांभाळायला एआय एजंट बसवला.

"एजंट?" माझी बायको सुनंदा म्हणाली. "अजी, विम्यावाले कमी होते का?"

एजंट भलताच आज्ञाधारक. कोणीही बोललं की ऐके! बाबा म्हणाले, "थंडी वाजून राहिली गा," की तीस. सुनंदा म्हणाली, "जीव उकडून राहिला वो माय," की वीस. एसी दिवसभर वर-खाली! शेवटी मी मालकाच्या तोऱ्यात सेटिंग बदललं : यापुढे हुकूम फक्त माझ्या आवाजाचा. रिमोट माझ्या दुकानात नेऊन ठेवला. भिंतीवरच्या बटणासमोर लोखंडी कपाट सरकवलं. (अक्कल अशी एकदम आली की आवरत नाही.)

एका दुपारी दुकानातून भाजून आलो, "सोळा कर!" म्हणालो आणि बाबांच्या खाटेशेजारी चटईवर आडवा झालो.

जाग आली ती दात वाजल्यामुळे. वर बाबा दोन चादरींत गुंडाळलेले, बाहेर फक्त काळा चष्मा आणि नाक.

"काहून झोपला बे? मले शिंक येऊन राहिली!"

मी ताडकन उठून ओरडलो, "पंचवीस कर!" पण घसा पार बसलेला! सायकलच्या पंपातून निघावा तसा आवाज निघाला.

"क्षमा करा," एजंट गोड बोलला. "आपल्याला परवानगी नाही."

"अरे, मीच मालक!"

"कृपया मालकांशी बोलून घ्या."

"आ... आ..." बाबांचं सुरू झालं. मी धावत जाऊन त्यांचं नाक धरलं. (ज्यांच्यासमोर मान वर केली नाही, त्यांचं थेट नाक!) एका हातात नाक, दुसऱ्या हातानं सुनंदाला बोलवायला खाटेजवळचं ताट बडवतोय, एवढ्यात सुनंदा आली. मी खुणेनंच एसी दाखवला. तिला क्षणात कळलं. तिनं कमरेवर हात ठेवले, मान ताठ केली आणि तिच्या तोंडून चक्क मी बोललो :

"अरे, कितीदा सांगू? कान फुटले का? या घरात एक काम धड होऊन नाही राहिलं! पंचवीस कर!"

"हो साहेब!" एजंट म्हणाला.

बाबांना असं हसू फुटलं की शिंक आल्या वाटेनं परत गेली. "हुबेहूब वो सूनबाई! आता याले माह्यं नाक सोडाले सांग."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला. अगदी ठीक होता. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी एजंटला पुन्हा सगळ्यांचं ऐकायला मोकळं केलं; मालक म्हणून सुनंदाचा आवाज भरला. ती माझ्यासाठी हळदीचं दूध घेऊन आली. इतकी वर्षं हिनं माझा तो आवाज ऐकून घेतला, म्हणून आज तो पाठ होता! मला भरून आलं. बसक्या घशानं, अगदी हळू म्हणालो, "सुनंदा, तू होती म्हणून बाबाचा डोळा वाचला. तुझे लय उपकार आहेत."

तिनं दचकून माझ्या कपाळाला हात लावला. "मामाजी, यांले ताप चढला वाटते!"

"चढलाच असंन," बाबा खाटेवरून म्हणाले. "शुद्धीत असता तर असा बोलला नसता."