नऊ सूत

मी गणिताचा मास्तर. एसटीत शेजारच्याने "काय करता?" असं विचारलं की नुसतं "शिक्षक" म्हणून मी थांबत नाही, "गणिताचा" हे पुढे जोडतोच. बायको म्हणते, ते जोडताना माझी मान दोन इंच वर जाते. दोन इंच म्हणजे सोळा सूत. हे आता मी झोपेतही सांगू शकतो. तीन वर्षांपूर्वी सांगू शकत नव्हतो, आणि त्यापायी मी भर शाळेत कसा तोंडावर पडलो, ते इथे लिहितो आहे.

आमची शाळा दिग्रसहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्याला लागून आहे. रस्त्याच्या पलीकडे वेल्डिंगचं दुकान. दुकानदार जवळच्या बंजारा तांड्यावरचा, आणि अख्खं गाव त्याला मिस्त्री म्हणतं. त्याच्या ग्राइंडरला माझ्या तासाची वेळ पाठ होती असा माझा पक्का समज होता. मी फळ्यावर समीकरण मांडलं रे मांडलं की पलीकडे लोखंड किंचाळायला लागायचं. मी खिडकी आपटून लावायचो. उन्हाळ्यात मुलं घामाने भिजायची, पण मी खिडकी उघडू द्यायचो नाही. अशी आमची पाच-सहा वर्षांची ओळख.

माझ्या तासाची आणखी एक गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगायचो. मुलं दर दहा मिनिटांनी करंगळी वर करून बाहेर जायला मागायची, पण मुली कधीच नाही. एकही मुलगी माझ्या तासाला जागची हलायची नाही. हे मी माझ्या शिकवण्याचं यश धरून चाललो होतो. स्टाफरूममध्ये एक-दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

मग वरून आदेश आला की नववी-दहावीला हाताच्या कामाचा विषय सुरू करा. पुढे आयटीआयला जाणाऱ्या पोरांना कामापुरतं गणित आलं पाहिजे. मुख्याध्यापकांनी खिडकीतून पलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आमची जोडी लावून टाकली. लोखंड मिस्त्री शिकवणार, गणित मी.

मी तयारीला लागलो. त्रिकोणमितीची चाळीस उदाहरणं काढली. पहिल्या दिवशी मिस्त्री वर्गात आला तो दाराशीच चपला काढून. मी त्याला ऐटीत विचारलं की या मुलांना नेमकं किती गणित लागेल. तो खाली पाहत म्हणाला, टेप वाचता आला म्हणजे पुष्कळ झालं. मला राग आला. दहावीच्या वर्गात टेप वाचायला शिकवायचं म्हणजे माझा अपमानच होता. माझी चाळीस उदाहरणं मी मुकाट्याने फाइलीत ठेवली.

मिस्त्रीची मुलगी त्याच वर्गात होती, खिडकीजवळच्या बाकावर. चाचणीत वीसपैकी सहा गुण. तिच्या वहीवर मी लाल शाईने "लक्ष नाही" असं दोनदा लिहिलं होतं. तिच्या बाकावर एक निळी पाण्याची बाटली असायची, सकाळी भरलेली आणि संध्याकाळीही तितकीच भरलेली. एकदा ती गडगडत माझ्या पायाशी आली, तेव्हा मी वर्गाला हसवलं होतं. घरच्या पाण्याला शाळा दाखवायला आणता का, असं काहीतरी म्हणालो होतो. मुलं हसली. मुली हसल्या नाहीत, पण त्यांना विनोद कळला नसेल असं मी समजलो.

पहिलं काम शाळेचंच करायचं ठरलं. मी बक्षिसाच्या ढाली ठेवायला कपाटाची चौकट सुचवली. शाळेकडे ढाली दोन होत्या, पण कपाट असलं की वाढतील असा माझा हिशोब. तेवढ्यात मिस्त्रीची मुलगी उभी राहिली. चाचणीत विचारलं तर तोंड न उघडणारी पोरगी सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, आमच्या इकडल्या संडासाले दार नाही. म्हणून कोनी पोरगी पाणीच पेत नाही. सकाळपासून घरी जाईस्तोवर."

मुलींचा संडास शाळेच्या मागे. त्याच्या दाराचा पत्रा गंजून एका बिजागरीवर लोंबतो आहे हे मला ठाऊक होतं, पण एखाद्या परक्या देशाची राजधानी ठाऊक असावी तसं. मुली दोघी-दोघी जायच्या, एक आत आणि एक बाहेर ओढणी धरून. आणि जमलं तर जायच्याच नाहीत. मी त्या निळ्या बाटलीकडे पाहिलं. माझा विनोद आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. मग घाईघाईने म्हणालो, ठीक आहे, दार.

शाळेने लोखंडी अँगल आणि पत्रा आणून दिला. जुनी चौकट शाबूत होती, दाराचा नवा पल्ला तेवढा करायचा होता. मापं घेण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. मुलांना रांगेत नेलं, चौकटीची मापं घेतली, फटीपुरतं अंतर वजा केलं. पल्ला पंचाहत्तर पूर्णांक चार सेंटिमीटर रुंद आणि एकशे ब्याऐंशी पूर्णांक सहा सेंटिमीटर उंच. मिस्त्री इंचात काम करतो, म्हणून वर्गात येऊन दोन पूर्णांक चोपन्नने भागाकार करवून घेतला. दशांशाच्या एका स्थळापर्यंत. किती देखणी उत्तरं आली. रुंदी २९.७ आणि उंची ७१.९. मी ती कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिली आणि खाली सही ठोकली. दाराच्या मापावर सही, जणू दाखलाच देत होतो.

मिस्त्रीची मुलगी पुन्हा उभी राहिली. म्हणाली, सर, नऊ सूत नसते.

मी म्हणालो, हे दशांश आहे, सूत-बीत काही नाही, बस खाली आणि आधी पाढे पाठ कर. वर्ग हसला. ती बसली आणि कागद नेऊन तिने बापाला दिला.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या भागातला कुठलाही सुतार, गवंडी, वेल्डर इंच आणि सूत यांतच बोलतो, आणि कागदावर इंचानंतर टिंब दिलं की पुढचा आकडा सुताचा, हे धरूनच चालतो. टेपच्या इंचाच्या बाजूला त्या आठ रेघा असतात. मी आयुष्यभर सेंटिमीटरची बाजू वापरलेली, म्हणजे टेप मला अर्धाच वाचता येत होता.

मिस्त्रीने कागद वाचला: एकोणतीस इंच सात सूत. पुढे एकाहत्तर इंच नऊ सूत. इथे तो अडखळला. आठ सूत झाले की इंच बदलतो, नववा सूत यायचा कुठून? त्याने कागद उलटा करून पाहिला. मुलगी म्हणाली, सरांना सूत माहीत नाही. त्याने तिला तांड्याच्या गोरबोलीत असं झापलं की ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. सर बावीस वर्षं गणित शिकवून राहिले, त्यांनी नऊ लिहिलं तर त्यात काहीतरी असेल. मग त्याने माझी लाज राखत हिशोब बसवला. नऊ सूत म्हणजे एक इंच आणि वर एक सूत. बहात्तर इंच एक सूत. शिकलेल्या लोकांची लिहायची नवी रीत असेल, असं म्हणून त्याने अँगल कापायला घेतला.

दोन दिवस मुलं दुकानात राबली. पल्ला गुण्याला लावून पाहिला, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का ते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून माप घेतलं, ते सारखं भरलं. समोरासमोरच्या बाजू सारख्या, वर कर्ण समान, म्हणजे आयत, हे मी तिथे सांगितलं आणि मिस्त्रीने मान डोलावली. पल्ल्याला आकाशी रंग दिला. ग्राइंडर किंचाळत होता, पण आता तो माझ्या बाजूने किंचाळतोय असं वाटून मला गोड लागला.

शनिवारी सकाळी सगळी शाळा मागच्या बाजूला जमली. मुली पुढे होत्या. मी छोटंसं भाषण केलं, गणित लोखंडात कसं उतरतं वगैरे. बरं झालं होतं ते भाषण. मग चौघांनी पल्ला उचलून चौकटीत धरला आणि तो गेला नाही. तिरका केला, तरी गेला नाही. खालून कोब्याला घासला, बाजूने चौकटीत अडकला. एका मुलाने लाथ घातली तेव्हा रंगाचा टवका उडाला, बाकी काही झालं नाही.

मुलींच्या रांगेतून एक लांब उसासा ऐकू आला. तो मला अजून ऐकू येतो.

आणि मी काय केलं? जे माझ्यासारखा माणूस करतो तेच. सगळ्यांसमोर म्हणालो, मिस्त्री, माप चुकलं तुमचं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि हळूच म्हणाला, "तुमी लिवलं तसंच केलं, सर." खाली माझी सही होती.

मुलीने बापाच्या हातातला टेप घेतला. तो माझ्यासमोर ताणून धरला, इंचाची बाजू वर. नखाने एकेक रेघ मोजत गेली, एक, दोन, तीन, आणि आठवर थांबली. म्हणाली, "आठ झाले का इंच बदलते. नऊ मी कुठून आनू?"

मी मोजलं. मग पुन्हा मोजलं. खरं सांगतो, त्या क्षणीही मला आधी आनंद झाला, की वा, दहाव्या भागाला आठवा समजलं की आकडा जितका मोठा तितकी चूक मोठी, काय सुंदर उदाहरण आहे. मग मान वर केली आणि समोर तीस-पस्तीस मुली दिसल्या, सुट्टी व्हायची वाट पाहणाऱ्या, पाणी न प्यायलेल्या. माझी मला लाज वाटली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

मी म्हणालो, चूक माझी आहे. मिस्त्रीची नाही. हिने मला आधीच सांगितलं होतं आणि मी हिला पाढे म्हणायला बसवलं. ही तीन वाक्यं बोलायला मला माझ्या भाषणापेक्षा जास्त वेळ लागला.

मिस्त्री माझ्याहून अवघडला. चपलेने माती उकरत म्हणाला, "मोठा झाला ते बरं झालं, सर. मोठ्याले कापता येते. लहान झाला असता त फेकाच लागला असता."

मी विचारलं, मग नऊ पाहिल्यावर मला विचारायला का आला नाहीत. तो म्हणाला, "सरले कोन इचारन?" त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला. माझ्या वर्गातही मला कोण विचारत होतं?

पुढचं माप मुलीने घेतलं, आणि टेप न वापरता. एक सरळ लोखंडी पट्टी चौकटीत आडवी धरली, खडूने खूण केली. उभी धरली, दुसरी खूण केली. पट्टी नेऊन पल्ल्यावर ठेवली. आकडा नाही, भागाकार नाही, सही तर नाहीच. मी बाजूला उभा राहून पट्टीचं एक टोक धरलं. तिने बापाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला जरा मागे सरकायला सांगितलं. मी सरकलो.

सोमवारी शाळा भरायच्या आधी दार बसलं. कडी लागली. मुलीने आत जाऊन ती पाच-सहा वेळा लावून-काढून पाहिली, आणि बाहेर येऊन बापाकडे बघत मान हलवली. शाबासकी देणारी ती, घेणारा तो.

त्या दिवसापासून मी खिडकी उघडी ठेवतो आणि अपूर्णांक सुतावर शिकवतो. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा म्हणजे चार, पाऊण म्हणजे सहा. तीन-अष्टमांश म्हटलं की घाबरणारी पोरं तीन सूत म्हटलं की नखाने दाखवतात. माझी उदाहरणं मिस्त्री तपासतो आणि एखादी परत पाठवतो, कारण असं दार कोणी बनवत नाही. मुलगी दहावी पास झाली. गणितात फार गुण नाहीत, पण आज ती आयटीआयला फिटर आहे. फाट्यावर भेटली की विचारते, सर, नऊ सूत सापडला का? मी म्हणतो, शोधून राह्यलो.

पण मला आठवतो तो सोमवारच. दुपारच्या सुट्टीनंतर मी वर्तुळाचं प्रमेय सिद्ध करत होतो, शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. मागे गटगट आवाज आला. वळून पाहिलं तर निळी बाटली अर्धी झाली होती. तासाला पाणी प्यायला माझी सक्त मनाई. मी फळ्याकडे वळून पुढची ओळ लिहिली. थोड्या वेळाने त्याच बाकावरून एक करंगळी वर आली. मग तिच्या मागच्या बाकावर दुसरी, आणि दाराजवळ तिसरी.

"सर, बाहेर जाऊ?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका मुलीने माझा तास मोडला होता. प्रमेय तसंच राहिलं. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, जा बेटा.