पालखीची वाट आणि माझी सिद्धता

आमच्या गावात गणिताचा एम.ए. झालेला मी पहिलाच, आणि माझ्यानंतर बरीच वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. त्याला कारणही बहुधा मीच असेन.

सन १९३० च्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या एका कॉलेजात मी लेक्चरर होतो. वर्गात मुलं जांभया देत, आणि विभागप्रमुख वर्षातून एकदा चष्म्यावरून बघत "संशोधन कुठवर आलं?" असं विचारत. मी "चालू आहे" म्हणत असे. ते सहा वर्षं चालूच होतं. माझ्या नावावर छापलेलं एक पानसुद्धा नव्हतं.

सुटीत रेवसला आगबोटीतून उतरून बैलगाडीनं चौलच्या अलीकडच्या आमच्या गावी पोचलो की मात्र मी बडं प्रस्थ. लोक मला पंचांगातली शंका विचारत, दुखऱ्या गुडघ्यावर औषध विचारत. गणिताचं कुणी विचारत नसे. म्हणून त्या चैत्रात देवस्थानचे पंच घरी येऊन "एक कोडं आहे, तुमच्या विद्येतलं" म्हणाले, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्यांना बसा म्हणायचंही विसरलो.

कोडं पालखीचं होतं. आमच्या देवीची पालखी देवळातून निघून सगळ्या आळ्यांतून फिरते आणि देवळात परत येते. प्रत्येक आळीतून ती एकदाच जायची, हा दंडक. आळीतल्या बाया एकदा ओवाळतात. पालखी दुसऱ्यांदा आली आणि न ओवाळता गेली तर अपशकुन, आणि दुसऱ्यांदा ओवाळलं तर बाकीच्या आळ्या विचारणार, यांच्याकडे दोनदा आणि आमच्याकडे एकदाच का? गेली काही वर्षं वाट जुळत नव्हती. मागच्या साली तर पालखी भर उन्हात रस्त्यावर ठेवून लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. यंदाही तसंच झालं तर दोन आळ्या आपली वेगळी पालखी काढणार होत्या. माझे वडील मुख्य पंच. गाव त्यांच्या डोळ्यांदेखत फुटणार याचा त्यांना घोर लागला होता.

मी कामाला लागलो. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानांवर गावाचा नकाशा काढायचा म्हणून दोन दिवस भर उन्हात छत्री घेऊन हिंडलो. काकांच्या दारावरून जाताना तेवढी मान खाली घातली. काका म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांचं घर आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला, तोंड पलीकडच्या आळीकडे. पाच वर्षांपूर्वी हद्दीवरच्या दोन पोफळींवरून दोघांचं बिनसलं आणि मधे दगडांचा गडगा उभा राहिला. बोलणं बंद, जाणं-येणं बंद. काकूनं ओट्यावरून "पाणी तरी पिऊन जा रे" म्हणून हाक मारली. मी मोजणीत गुंग असल्याचं सोंग केलं. त्याची लाज मला आजही वाटते.

एकेक मार्ग लिहून तपासायचा म्हटलं असतं तर सुटी संपली असती आणि मार्ग उरलेच असते. पण इथे एक फार सुंदर युक्ती आहे. मार्ग शोधायचेच नाहीत. जिथे जिथे वाटा मिळतात तिथे नुसत्या वाटा मोजायच्या. पालखी एका वाटेनं आली तर निघायला दुसरी हवी, म्हणजे वाटा जोडीनं हव्यात. दोन चालतील, चार चालतील. तीन असल्या की एक वाट तरी चुकणार किंवा तिच्यावरून पुन्हा जावं लागणार. ही मोजणी ज्याला कसलीही अक्कल नाही अशा यंत्रालाही करता येईल, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. करणारा मी होतो, हे लक्षात घेता वाक्य अगदी बरोबर होतं.

मोजलं. आमच्या दारापुढे तीन वाटा निघाल्या आणि काकांच्या दारापुढे तीन. बाकी सगळीकडे जोड्या. म्हणजे अशी पालखी फिरणं अशक्य! एखादी गोष्ट होऊच शकत नाही हे कळल्यावर नाचावंसं वाटणारा प्राणी गणितवाल्यांतच सापडतो. मी इंग्रजीत तीन पानी सिद्धता लिहिली, विभागप्रमुखांना पाठवण्यासाठी तिची सुवाच्य प्रतही केली, आणि मग देवळाच्या सभामंडपात गावापुढे ती मराठीत समजावून सांगितली.

"तेव्हा पालखी अशी फिरू शकत नाही. कधीच नाही," मी खडू खाली ठेवत म्हणालो.

मग पालखीचा म्हातारा भोई म्हणाला, "मंग माजे आज्याचे वक्ताला फिरत व्हती ती कशी?"

"त्यांची काहीतरी चूक होत असेल," मी म्हणालो. नुसतं एवढंच म्हणून थांबलो असतो तरी बरं होतं. वर एक तोडही सुचवली: पालखी आमच्या दारातून काढावी आणि काकांच्या दारात संपवावी, गणित जुळतं. देवीनं मुक्काम काकांच्या अंगणात करायचा! सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील मंडपाच्या तुळईकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या विहिरीवर तोंड धूत होतो, तर भोई आला. त्यानं मला हाताला धरून गडग्यापाशी नेलं.

"मास्तर, ह्यो तुमचे नकाशात हाय का?"

"गडगा म्हणजे वाट नव्हे. तो कशाला असेल?"

"पाच वर्सामागं हितं काय व्हतं?"

वाट होती. आमच्या दारापासून विहिरीशेजारून काकांच्या दारापर्यंत. मी लहानपणी दिवसातून दहा वेळा त्या वाटेनं काकूकडे खायला पळत होतो. पालखीही तिथूनच जायची. मी मनात मोजलं. इकडे चार, तिकडे चार.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"गाव काय येडा हाय? समद्यांना ठावं हाय. पन तुमचे बापसाला सांगल कोन? तुमी शिकल्यालं, पोटचं पोर. म्हनून तुमाला इचारला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावानं उत्तर तयार ठेवून मला प्रश्न विचारला होता, आणि मी शहाण्यानं त्यांना खडूनं समीकरणं समजावली होती. पण लाजेपेक्षा मोठी होती भीती. आता ते उत्तर वडिलांना सांगायचं होतं, आणि त्यांच्यापुढे मी तिशीतही चाचरत असे.

पंच पुन्हा जमले. मी उभा राहिलो. "कालच्या सिद्धतेत माझी एक वाट धरायची राहिली," मी म्हणालो. "आमच्या घरामागची. गडगा काढला तर पालखी फिरते."

वडिलांनी विचारलं, "दुसरा काही इलाज?"

होता. आमच्या दारापासून खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाबांधानं काकांच्या दारात उतरता आलं असतं. थोडी माती टाकून बांध रुंद केला की झालं. गणिताला कुठलीही वाट सारखीच. नकाशा काढतानाच मी तो बांध पाहिला होता.

"नाही," मी म्हणालो. "दुसरा इलाज नाही. तसं सिद्धच झालंय."

गणितात मी चुका पुष्कळ केल्या, पण जाणूनबुजून खोटं तेवढंच बोललो.

वडील उठले आणि घरी गेले. मी मागोमाग पोचलो तोवर त्यांनी पहार घेऊन वरचे दगड काढायला सुरुवात केली होती. मी हात लावायला गेलो तर मला बाजूला सारलं. थोड्या वेळानं पलीकडूनही दगड पडल्याचा आवाज यायला लागला. दोघं भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. दुपारपर्यंत नुसते दगड काढत होते. चार दिवसांनी पालखी तिथून गेली, आणि काकूनं इतकं ओवाळलं की भोयांचे खांदे भरून आले.

सुटी संपली. वडील मला रेवसपर्यंत पोचवायला आले, जे ते कधी येत नसत. आगबोट दिसायला लागली तेव्हा ते समुद्राकडे बघत म्हणाले, "बांधावरून वाट निघत होती, नाही का?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी कधीच पावलांनी मोजून आलो होतो," ते म्हणाले. "तू त्या वाटेचं नाव काढतोस की काय, याचीच धास्ती वाटत होती."