सेंटर फील्डवरची भुवई

तिचं खरं नाव हजेरीपुरतं. बहिऱ्यांच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये सगळ्यांची ती भुवई, कारण हातांनी बोलायला लागण्याआधी तिची डावी भुवई भांडायला उठायची. पोटापाण्यासाठी ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात रफू करी. सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. अशा बाईच्या डोळ्यांवर संशय घेणार तरी कोण?

पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांची नळी करून तिला दाखवलं होतं. समोरचं नीट दिसेल, कडेचं जात राहील, आणि उजेड कमी झाला की लवकर जाईल. काही जणांच्या नशिबी बहिरेपण येतं ते हे जोडीला घेऊनच. भुवईने घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली की मैदान सुटणार, आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे ओठ वाचून शिणलेल्या भुवईला मनमोकळं बोलायला तेवढी एकच जागा होती. एवढा सीझन खेळू, मग बघू, असं तिने ठरवलं. ती मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, सेंटर फील्डला उभी राहायची, आणि तिच्या शेजारी, डावीकडे लेफ्ट फील्डला, तिची धाकटी बहीण खेळायची. या गोष्टीचा विचार ती मुद्दाम टाळायची.

ऐकणाऱ्या लोकांना वाटतं, बहिऱ्यांचा खेळ म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही. कसलं काय! इथे नियम कडक. मैदानात उतरण्याआधी कानातली यंत्रं काढून डब्यात टाकायची, अगदी सगळ्यांनी. ज्याला थोडंफार ऐकू येतं त्याला फुकटचा फायदा नको. बॅट करणाऱ्याला हेल्मेट, चेंडू टाकणाऱ्या पिचरला जाळीचा मुखवटा. पंचाकडे शिट्टीऐवजी नारिंगी झेंडा. तो वर गेला की खेळ जागच्या जागी थांबला पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम उंच झेलाचा. ऐकणारे ‘माझा, माझा’ म्हणून ओरडतात. इथे ज्याला झेल घ्यायचाय त्याने ग्लोव्ह डोक्यावर धरायचा आणि धावण्याआधी दोन्हीकडे बघायचं. दुसऱ्याचा ग्लोव्ह वर दिसला तर मुकाट खाली बसायचं. एका सुताराचे पुढचे दोन दात गेले, तेव्हा हा नियम आला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

त्या सीझनला भुवई बॅटांच्या पिशवीला अडखळू लागली. कुणी बाजूने येऊन खांद्यावर हात ठेवला की दचकायची.

“ताई, काल बाजारात मी केवढा हात हलवला! तू सरळ निघून गेलीस,” बहीण म्हणाली.

“डोक्यात दुकान होतं गं. आणि तू काय, हात हलवायला लागलीस की माश्या हाकलतेस असं वाटतं,” भुवईने उडवून लावलं. बहीण हसली. भुवईला मात्र बाजार आठवत होता आणि बहीण काही आठवत नव्हती.

शेवटचा सामना लांबला. ऊन उतरलं, झाडांच्या सावल्या गवतावर पसरल्या. त्यांची कॅप्टन म्हणजे बेकरीवाली, तिने पंचाला थांबवून एकेकीला विचारलं, “दिसतंय ना? नाहीतर थांबू.”

बहिणीने अंगठा वर केला. भुवईला समोर कॅप्टनचा चेहरा दिसत होता, बाकी सगळा नुसता काळोख. तिनेही अंगठा वर केला.

पुढच्याच चेंडूवर फटका उंच उडाला, दोघींच्या मधोमध. भुवईने ग्लोव्ह डोक्यावर धरला. नियमाप्रमाणे दोन्हीकडे बघितलं. कुणी नव्हतं. ती धावली. पिवळा चेंडू मोठा मोठा होत बरोबर तिच्या हातात आला आणि त्याच क्षणी कुशीत काहीतरी आदळून ती आडवी झाली. चेंडू सुटला नव्हता! पडल्या पडल्या तिने तो पंचाला दाखवायला उंच धरला. पंच झेंडा वर धरून पळत येत होता, आणि तिच्याकडे बघतच नव्हता. सगळ्या जणी तिला ओलांडून पलीकडे धावल्या. कुठे, ते बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागली.

बहिणीचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात कॅप्टनने विचारलं, ग्लोव्ह आधी कुणाचा वर गेला? “ताईचा. मीच उशीर केला, बसलेही नाही,” बहिणीने मोकळ्या हाताने सांगितलं. कॅप्टन मान हलवून बाहेर गेली.

भुवई खाटेशी बसली. अपराधीपणाने तिचा जीव जळत होता. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत ती हातांनी बोलतच सुटली, चुकलं गं माझं, फार दुखतंय का, पाणी देऊ? बहीण उत्तर देईना. नुसती बघत राहिली, काहीतरी विचारून थांबल्यासारखी. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

भुवईने मान खाली घातली. बहिणीचा मोकळा हात चादरीवर होता, आणि तो बोलत होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

बहिणीने तो हात उचलून भुवईच्या अगदी तोंडासमोर आणला. “ताई, तीनदा विचारलं मी. कधीपासून दिसत नाहीये?”

मैदान गेलं तर जाऊ दे, भुवईला वाटलं. पण हे हात दिसेनासे झाल्यावर आपल्याशी बोलणार कोण, आणि कसं? तिने बहिणीचा हात धरला आणि तिथेच, डोळ्यांसमोर, घट्ट धरून ठेवला.