चुन्याचा पट्टा

खडीमामाचा राग आधी कानांत दिसायचा. कान लाल झाले की समजावं, आता कुणाची धडगत नाही. तीस वर्षं त्यानं दगडाच्या खाणीत खडी फोडली, म्हणून हे नाव. पुढे खाण बंद पडली, खड्ड्यात तळं साचलं, काठानं झाडं वाढवली, पायवाटा आखल्या. आणि ज्यानं डोंगर पोखरला त्यालाच वाटांची राखण मिळाली. गड्यानं असा जीव लावला की बायको म्हणायची, "माझं नाव तरी आठवतंय का, की तेही एखाद्या पाखराला देऊन आलात?"

तळ्यामागच्या वाटेवर एक वठलेलं झाड होतं. त्याच्या ढोलीत पिंगळ्यानं तीन पिल्लं काढलेली. वाळकी झाडं तोडायला माणसं येणार असं कानावर येताच मामानं ढोली असलेल्या पाचही झाडांना चुन्याचा ठसठशीत पट्टा ओढला. आता कुणाची टाप आहे हात लावायची!

सकाळी करवतीची घरघर ऐकून मामा धावला. चार झाडं आडवी झालेली. पिंगळ्याच्या झाडात करवत वीतभर शिरलेली. मामा बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

"चालवा! आधी मला कापा!"

मुकादम चक्रावला. "मामा, पट्टा मारलेलीच तोडतोय आम्ही."

"पट्टा मी मारलाय!"

"मग ओरडता कशाला? चुन्याचा पट्टा म्हणजे तोडायचं झाड. आमच्यात कुणालाही विचारा."

"आणि खाणीत? सुरुंग उडाला नाही की त्याच्याभोवती चुना ओढायचो आम्ही. चुना म्हणजे लांब राहा! आणि तुम्हाला सांगितली होती वाळकी. त्यातली दोन हिरवीगार होती रे! डोळे आहेत की गोट्या?"

मुकादम आडव्या झाडांकडे वळून बघू लागला. इतक्यात ढोलीतून बारीक चिरचिर ऐकू आली. त्यानं स्वतः करवत बंद केली.

"पण मामा, आता वाऱ्यानंच पडेल हे."

"पडेल कसं? टेकू लाव. चार झाडांचं लाकूड पाडलंयस की!"

दुपारपर्यंत तीन टेकू बसले. मामाचा राग मात्र उतरेना. ओलं पोतं घेऊन तो पट्टा खसाखसा पुसत होता आणि पुटपुटत होता, "गाढवा, तोंड नव्हतं का तुला? आधी दोन शब्द बोलला असतास तर चार झाडं उभी असती!"

मागे उभ्या मुकादमानं मान खाली घातली. त्याला वाटलं, शिव्या आपल्यालाच चालल्यात. मामानंही त्याला तसंच वाटू दिलं.