आधी बसा, मग दूध

दादाचा फोन आला तेव्हा मी चंदीगडजवळच्या एयरोसिटीतल्या माझ्या घरात दुसरा मोजा शोधत होतो. "अरे, नलू उठत नाहीये," एवढंच तो म्हणाला. मिक्सर बिघडलाय, येऊन बघ, असं सांगावं तसा आवाज. एकाच पायात मोजा घालून मी गाडी काढली. सेक्टर बावीसमधल्या दादाच्या घरापर्यंतचा रस्ता रोजचाच, पण त्या सकाळचा एकही सिग्नल मला आठवत नाही. पोचलो तर दादा वहिनीच्या उशाशी उभा. जन्मभर डॉक्टरकी केलेला माणूस, नाडी त्यानं केव्हाच पाहिली असणार... तरी मला म्हणाला, "तू बघ जरा."

आम्हा दोघा भावांच्या पायाला भिंगरी. दादा दाढी करता करता पोहे खायचा, मी फोनवर बोलत येरझारा घालत. वहिनी चिपळूणची, एका जागी बसून पोटभर जेवणाऱ्या माणसांतली. लग्न होऊन ती चंदीगडला आली तेव्हा दादानं मोठ्या कौतुकानं कॉर्नफ्लेक्सचा डबा आणला होता. तिनं ते निवडले, चाळणीत घेऊन नळाखाली धुतले आणि पोह्यांसारखे झाकून ठेवले. फोडणी तडतडेपर्यंत चाळणीत पिवळा लगदा! दादानं तो लिंबू पिळून मुकाट्यानं संपवला. ही गोष्ट वहिनी स्वतःच रंगवून सांगायची. "नवीन लग्न होतं, म्हणून खाल्लं हो भावोजी. आज देऊन बघा!" त्यानंतर तिनं त्या डब्याचं नावच टाकलं. पुढे मुग्धा झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्यापुरता तो घरात येऊ लागला. पोरीचं खाणं, आपल्याला काय त्याचं, असा वहिनीचा खाक्या.

मुग्धा नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि फडताळात अर्धा डबा उरला. अन्न टाकायचं कसं, म्हणून एके सकाळी वहिनीनं तो आम्हा भावांपुढे ठेवला. दूध घातलं, तोवर दादा पेपर आणायला उठला, मी फोन घेऊन गॅलरीत. परत आलो तर वाटीत तोच जुना लगदा. वहिनी हसली नाही. म्हणाली, "पोहे झाकून ठेवता येतात. हे थांबत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून तिनं नियमच केला. वाट्यांत कोरडे कॉर्नफ्लेक्स, आणि ती हातात चोचीचं स्टीलचं भांडं घेऊन उभी. "भावोजी, बूड टेका आधी." सगळे बसल्याशिवाय दुधाची धार पडायची नाही. मग आयटी पार्कला जाताना वाट वाकडी करून मी रोजच तिथे थांबायला लागलो. वाटी संपेपर्यंतचा तो जेमतेम वेळ, पण निवृत्तीनंतर दादाला दुपार खायला उठते हे मला तिथेच कळलं. इतकी वर्षं एका गावात राहून माझा भाऊ मला त्या टेबलावर नव्यानं भेटला. त्या बाईचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आता इथे लिहितोय.

ती गेल्यापासून घरात कोणी बसतच नाही. दादा गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. चहा घेतो, तोही अर्धा. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मुग्धा रजा टाकून आली, मग इथूनच काम करू लागली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, बाबा कुछ खाते ही नहीं. मैं इन्हें अपने साथ ले जाऊं क्या?" मी पराठे नेले, पोहे केले, सगळं झाकून ठेवलं आणि संध्याकाळी तसंच उचललं. त्याचं हे असंच चाललं तर... पुढचा विचार मी गाडी चालवता चालवता करायचो आणि अर्ध्यावर सोडायचो. परवा बाजारात वहिनीच्या नेहमीच्या दुकानापुढे उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आत ओळखीच्या दुकानदारानं कॉर्नफ्लेक्सचा डबा काढून ठेवला. "आंटीजी वाला ना? पक्का यही." ती गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मी पैसे दिले आणि बाजाराला दोन फेऱ्या मारून मग गाडीपाशी आलो.

काल सकाळी मी तीन वाट्या भरल्या आणि नेमका फोन वाजला. सवयीनं गॅलरीत गेलो. मुग्धा लॅपटॉपमध्ये डोकं घालून. मागून आवाज आला, "बसा आधी. हे थांबत नाहीत." वळून पाहिलं तर दादा टेबलाशी उभा, हातात चोचीचं भांडं. मुग्धानं लॅपटॉप मिटला. मी फोन बंद केला आणि बसलो. त्यानं तिच्या वाटीत दूध घातलं, माझ्या वाटीत घातलं, आणि मग तसाच उभा राहिला. सगळ्यांना बसवून झाल्यावर आपणही बसायचं असतं, हे त्याला उमजेना. मी उठलो, त्याच्या हातातून भांडं घेतलं.

"आता तू बस."

तो बसला. मी धार धरली. आमच्या वाट्यांतले तोवर मऊ पडले असणार, पण त्याचे कुरकुरत होते, ते आम्हाला ऐकू येत होतं. मुग्धा आणि मी चमचे हातात धरून नुसते ऐकत राहिलो. वर न बघता दादानं वाटी पुढे सरकवली. म्हणाला, "अजून थोडे घाल."