माळ्यावरचे बारमाही टायर

गाडीच्या टायरवरून माणूस ओळखणारा एकच गृहस्थ सबंध सातारा-सांगलीत आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. लोक माणसाचा चेहरा बघतात, चपला बघतात, फार तर मनगटावरचं घड्याळ बघतात. मामा टायर बघतात. लग्नाच्या मांडवात शिरण्याआधी बाहेर लावलेल्या गाड्यांमधून ते एक सावकाश फेरी मारून येतात, आणि आत येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत त्यांना अर्ध्या वऱ्हाडाची माहिती झालेली असते. "नवरदेवाचा थोरला चुलता तिरसट हाय," ते माझ्या कानाशी सांगतात, "बिरेक लय दाबतो." थोड्या वेळानं पंगतीत तो चुलता वाढप्यावर खेकसला की मामा माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवतात आणि जिलबीला हात घालतात.

माझं स्वतःचं लग्नही टायरवरच ठरलं, असं म्हटलं तरी चालेल. मी मुलगी बघायला सांगलीहून मोटारसायकलवर गेलो होतो. बघण्याचा कार्यक्रम मामांच्याच घरी होता. त्यांचं गाव कडेगावच्या अलीकडे, ऊस सगळ्या बाजूंनी घराच्या भिंतीपर्यंत आलेला. आत पोहे चालले होते, वडीलधारी मंडळी माझा पगार विचारावा की नको या विचारात होती, आणि मामा मात्र बाहेर माझ्या गाडीच्या मागच्या टायरापुढे उकिडवे बसले होते. आत आले ते हात झटकतच. "मागला टायर मधोमध झिजलाय, कडा शाबूत हायत. पोरगं वळणावर हाणत न्हाई. द्या पोरगी." बाकीची चौकशी नंतर झाली, आणि तिचा निकाल काही वेगळा लागला असता तरी मामांनी तो मानला नसता.

मामांनी पंचवीस वर्षं फौजेत ट्रक चालवला. लडाखला बर्फात चाकांना साखळ्या बांधून चालवला, राजस्थानात वाळूत हवा कमी करून चालवला, आणि निवृत्त होऊन आले ते ऊस लावायला नव्हे, टायर सांभाळायला आले असं मामी म्हणतात. विडी नाही, सिगारेट नाही, पण मामांच्या खिशात काडेपेटी कायम. रोज सकाळी चहाच्या आधी ते एक काडी काढतात आणि गाडीच्या चारी टायरांच्या खाचांमध्ये उभी खोचून बघतात. काडीचा गुल खाचेत पूर्ण बुडाला तर टायर चांगला. गुल वर दिसला तर टायर संपला. मग अंगठ्यानं हवा दाबून बघायची, खाचेतला खडा नखानं काढायचा, आणि त्यानंतर चहा. एकदा मामींनी चहा आधी दिला, तर तो त्यांनी गार होऊ दिला. उन्हाळ्यात गाडी अंगणात असली की टायरांवर ओली पोती टाकलेली. आमच्या मुलीला लहानपणी वाटायचं, गाडीला ताप आलाय.

आणि ही सगळी उस्तवार कुणासाठी, तर एका एकोणीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीसाठी. तिचा रंग आता पांढरा म्हणायचा तो केवळ कागदपत्रांत तसं लिहिलंय म्हणून. ती आठवड्याला एकदा कडेगावच्या बाजारात जाते, महिन्याला एकदा कऱ्हाडला जाते, आणि उरलेला वेळ पोती पांघरून बसते. "गाडी म्हातारी झाली न्हाई, पाव्हणं," मामा मला सांगतात, "रिझर्वला हाय."

आता मामींविषयी सांगायला हवं, कारण टायरांची खरी गोष्ट त्यांचीच आहे. मामींचं माहेर पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला, डोंगरात. आमच्या कडेगावकडे ढग येतात ते बहुधा दुसरीकडे जाताना. मामींच्या माहेरी ते येतात आणि चार महिने मुक्काम करतात. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास धरतात. मामींनी तो एक वर्ष चुकवला नाही. पण अलीकडे काही वर्षं भाऊ मात्र पंचमीला दिसायचा नाही. गुडघे धड होते तोवर त्या एसटीनं जायच्या. गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्यांना नकार दिला, आणि मामांनी गाडीला.

"ह्ये टायर उन्हाळी हायत," मामा ठामपणे सांगायचे. "कडक रबर. कोरड्या रस्त्याला एक लंबर. पर पाटणच्या घाटात पावसात ह्यावर जाणं म्हंजे साबणावर चालणं. उन्हाळ्यात चल की माहेरी, कवा न्हाई म्हणतो?"

"उन्हाळ्यात पाव्हणीगत जायाचं, आंबं खायाचं, याचं," मामी म्हणायच्या. "पंचमीला माहेरवाशीण म्हणून एकदा तरी न्याल का न्हाई?"

एवढं बोलून त्या आत जायच्या. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आणि मामांना त्याचाच त्रास व्हायचा.

अशात त्यांच्या मुलीचा जर्मनीहून फोन आला. बोलता बोलता ती सांगून गेली की तिकडे उन्हाळ्याचे टायर वेगळे, थंडीचे वेगळे, आणि वर्षभर चालणारे तिसरेच असतात. मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर चालणारे म्हणजे बारमाही. विहीर बारमाही असते, पाट बारमाही असतो, मग टायर का नसावा? तीन महिने त्यांनी कऱ्हाड, विटा, सांगली, मिरज अशी सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार विचारायचा, ट्यूबवाला की बिनट्यूबचा? मामा म्हणायचे, "त्ये नंतर. आदी सांगा, उन्हाळी का बारमाही?" काही दुकानदारांनी त्यांना पाणी दिलं, काहींनी खतांच्या दुकानाचा पत्ता दिला. शेवटी मिरजेच्या एका दमलेल्या दुकानदारानं खोल खाचांचे, मऊ रबराचे चार टायर पुढे ठेवले आणि तो म्हणाला, "हेच बारमाही." मामांनी चौघांच्या खाचांत काडी खोचली. गुल तर बुडालाच, पण अर्धी काडीही आत गेली. ते चार टायर घरी आले तेव्हा मामींनी त्यांना हळदकुंकू लावलं आणि पंचमीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजलं.

पण टायर गाडीला लागले नाहीत. कारण जुन्यांचा गुल अजून बुडत होता. "ह्यांच्यात जीव हाय तवर ह्ये चालवायचं. नवं कशाला झिजवायचं?" मामांचा हा युक्तिवाद त्या घरात कुणाला चुकीचा वाटण्यासारखा नव्हता. मामींच्याच कपाटात लेकीच्या लग्नातली पैठणी घडी न मोडता पडली होती, आणि पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट पाहुण्यांनाही कधी दिसला नव्हता. तेव्हा चारी टायर मामींच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर गेले. दसऱ्याला मामा शिडी लावून वर जायचे, त्यांना झेंडूचं एकेक फूल वाहायचे, आणि खाली येऊन समाधानानं सांगायचे, "जशाला तसं हायत." असे सहा दसरे झाले. सहा पंचम्याही झाल्या.

यंदा आषाढात दादांचा फोन आला. मामींनी तो लाऊडस्पीकरवर घेतला होता, कारण कानाला धरला की त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे तो घरातल्या सगळ्यांनीच ऐकला. दादा म्हणाले, "दिसायचं बंद झालंय गं आता. डाक्टर म्हणतोय, उपाय न्हाई. यंदा पंचमीला ये. बघाया न्हाई गावलीस तरी बोलणं ऐकतो." मामी आपण बऱ्या आहोत, पेरणी झाली, पाऊस कसा आहे, असं काहीबाही बोलल्या आणि फोन ठेवून देवघराकडे तोंड करून बसल्या.

मामा उठले आणि त्यांनी मला सांगलीला फोन लावला. "पाव्हणं, रविवारी या. टायर उतरवायचं हायत." त्यांचा आवाज असा होता की मी रजेचा अर्ज टाकायच्या विचारात होतो, मग रविवारी रजा लागत नाही हे आठवलं.

आम्ही टायर उतरवले, लुगडी सोडली. खरंच जशाला तसे दिसत होते. रबरावरचे ते नव्या टायरांचे बारीक केसही तसेच. टायर डिकीत आणि मागच्या सीटवर कोंबून आम्ही कऱ्हाडच्या टायरवाल्याकडे गेलो. चाळिशीतला शांत माणूस. त्यानं एक टायर उभा केला, बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले, मग बाजू दाबून वाकवली. केसासारख्या बारीक भेगा उमटल्या.

"आजोबा, ह्ये लावता यायचं न्हाईत," तो म्हणाला.

"का? काडी बुडती की."

"काडी बुडती, पर रबर वाळलंय. हे आकडं बघा, कवा तयार झाला त्याचं. टायर चालवला न्हाई तरी त्याचं वय थांबत न्हाई. पाण्यात धरायचं न्हाईत ह्ये. आणि गाडीला हायत ते तर ह्यांच्याहून थोरलं. त्यांच्यावर हितवर आलासा कसं?"

मामांनी खिशातली काडेपेटी काढली, उघडली, पुन्हा मिटली. पंचवीस वर्षं फौजेत टायर तयार होऊन आले की झिजेपर्यंत चालत. पडून राहिलेला टायर त्यांनी कधी बघितलाच नव्हता. मला त्या क्षणी मामा एकदम म्हातारे वाटले, आणि तसं वाटल्याचा मला रागही आला.

टायरवाल्यानं दोन नवे टायर पुढे मांडले. "तुमी म्हणता तसं बारमाही-बिरमाही आपल्याकडं नसतं. त्ये बरफाच्या मुलखात. आपलं सगळं उन्हाळीच. फरक येवढाच, ह्यो कडक हाय, वरसानुवरसं जाईल, पर पावसात भरवसा कमी. ह्यो मऊ हाय, पाणी कापतो, रस्ता सोडत न्हाई. पर ह्यो लवकर झिजतो."

"लवकर म्हंजे?"

"चार-पाच वरसं. तुमी फिरवाल तसं."

मामा यंदा अठ्ठ्याहत्तर पूर्ण करतील. दादा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे. ते गणित मामांनी केलं की नाही मला माहीत नाही, पण मी केलं. मामा बराच वेळ त्या मऊ टायराच्या खाचेवर अंगठा फिरवत राहिले. काडी काढली नाही.

"ह्यो बशीव," ते म्हणाले. "चारी."

"मामा, लवकर झिजतील बरं का," मी उगीचच म्हणालो.

"झिजू द्या की," मामा म्हणाले. "त्यापायीच घेतोय."

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मामा चालवायला, मी शेजारी, मागे मामी उपासाच्या, अंगावर ती घडी मोडलेली पैठणी. पावसात पैठणी नेसू नका असं माझी बायको सांगून थकली होती. माळ्यावरच्या टायरांपैकी एक मामांनी डिकीत टाकला होता, आणि कशाला ते सांगत नव्हते. पाटण सोडल्यावर पावसानं समोरचं सगळं पुसून टाकलं. वळणावळणावर डोंगरातून पाणी रस्त्यावर येत होतं आणि मामा निवांत, पाठ ताठ ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये चढत होते. मला भीती वाटली नाही. गाडीनं एकदाही रस्ता सोडला नाही. मागून मामी वाटेतल्या एकेका वाडीचं नाव घेत होत्या, धुक्यात काही दिसत नसताना.

दादा ओसरीवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून ते उठले आणि खांबाला धरून उभे राहिले. मामी गुडघ्यांची पर्वा न करता पायऱ्या चढल्या. भावाच्या समोर जाऊन त्या थांबल्या. दादांनी हात पुढे केला, त्यांच्या खांद्यावरच्या पदराला लागला, काठावरून फिरला. "नवं लुगडं नेसून आलीस," ते म्हणाले. मामींना मग रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावसानं जरा उघडीप दिली. फणसाला झोका बांधलेला होता, पण दोरावर बसणं मामींच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा मामांनी डिकीतला टायर आणला, फौजी गाठ मारून दोराला टांगला, आणि त्यावर गोधडी टाकून मामींना म्हणाले, "बस." गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामी बसल्या. दादा चाचपडत जवळ आले, झोक्याला हात लावायला म्हणून वाकले, आणि त्यांची बोटं टायराच्या कडेवर थांबली.

"दाजी, ह्याचं केस बी झडलं न्हाईत अजून. नवा टायर झोक्याला बांधलासा?"

"नवाच हाय. माळ्यावर ठेवला व्हता."

"कशापायी?"

 मामांनी झोक्याचा दोर धरला आणि हळू झोका दिला. दादांनी दुसऱ्या बाजूनं दिला. मामी डोळे मिटून, पैठणीचा पदर सावरत, फार उंच नाही, पण जाऊन येत राहिल्या.

परवा मी मामांना फोन केला आणि नेहमीसारखं विचारलं, काडी किती बुडतेय?  मग मामा म्हणाले, "बघितली न्हाई, पाव्हणं. भाऊबीजेला परत जायाचंय म्हणतीया ती. त्याच्या आदी एकदा कोजागिरीला बी जाऊन यावं म्हणतो." मी फोन ठेवला. टायर तर पाच वर्षं जातील. बाकी सगळ्यांनीही तेवढं जावं, एवढंच मला वाटत होतं.