शालूआत्याच्या कुर्ल्या

दुपारचं जेवण होऊन मी कुशीवर लवंडते. सहावा महिना आहे. डोळे मिटतात, पण सासूबाई ओटीवर तांदूळ पाखडतायत हे आवाजावरून कळत राहतं. मग आवाज लांब जातो.

दवाखान्याच्या बाकावर शालूआत्या बसली आहे. माझ्या वडिलांची बहीण. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मला नवल वाटत नाही. ती सरकून जागा देते.

"रक्त कमी आहे म्हणे तुझं."

"हो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मासे नीट शिजवून खा. सासूबाई नको म्हणतात. उष्ण पडतात म्हणे."

"आणि तू काय म्हणतेस?"

आत्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाचव्या महिन्यात तिने कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण खाल्लं आणि आठवड्याच्या आत पोटातलं मूल गेलं. आजीने ते गावभर सांगितलं. आत्याला पुन्हा दिवस राहिले नाहीत आणि कुर्लीला तिने पुन्हा हात लावला नाही. मला सासूबाईंची भीती नाही. या गोष्टीची आहे.

बाकाखाली पाणी येतं. आम्ही माहेरच्या मागल्या दारी पायरीवर बसलोय. आत्या कुर्ल्यांचे डेंगे, त्या जाड नांग्या, मोडते आहे.

"आत्या, ते कुर्ल्यांमुळेच झालं का गं?"

"मला ताप होता त्या आठवड्यात. चार दिवस अंग नुसतं भाजत होतं." ती हातातलं काम थांबवत नाही. "ताप मी कुणाला सांगितला नाही. कुर्ल्या सगळ्यांनी बघितल्या होत्या."

"मग नंतर तरी सांगायचंस."

"नंतर मलाही तेच खरं वाटायला लागलं."

ती माझ्यापुढे ताट सरकवते. तारल्यांचं, त्या लहान माशांचं, तिखलं आणि भात. मी जेवते. पायरी आता दवाखान्याची आहे, लोक आमच्या बाजूने चढून जातात.

"तू नाही खात?"

"मी आता सगळं खाते," आत्या म्हणते आणि हात धुवायला उठते.

डोळे उघडतात. ऊन भिंतीवर चढलंय. दाढेपाशी काहीतरी टोचतं. बोट घालून काढते, तर माशाचा बारीक काटा. सहा महिन्यांत मी मासा खाल्लेला नाही.

काटा तळहातावर घेऊन मी बाहेर जाते.

"आई, उद्यापासून मी मासे खाणार आहे."

सासूबाई माझ्या हाताकडे बघतात.

"काटे काढून देईन," त्या म्हणतात.